बागेखाली काय आहे? मुंबईच्या बागांची वही, सहाव्या महिन्याअखेर

जानेवारीत पाहायच्या बागांची यादी केली तेव्हा २६ नावं होती. आज, जूनच्या पहिल्या पावसात, ११ नावांपुढे खूण आहे. वेग बैलगाडीचा, मान्य. पण फेब्रुवारीपर्यंत मी बागा नुसत्या उरकत होतो. फाटकाचा फोटो, एक फेरी, ओळखीच्या झाडांची नावं, की निघालो. मार्चमध्ये वहीत एक रकाना वाढवला आणि सगळंच मंदावलं. रकान्याचं नाव ‘खाली काय’.

तो सुचला हँगिंग गार्डनमध्ये, म्हणजे कागदोपत्री फिरोजशहा मेहता उद्यानात. मी झाडांचा घेर मोजतो, जमिनीपासून साडेचार फुटांवर, शिंप्याच्या टेपने. इथे मधल्या भागात मोजायला काही मिळेना. प्राण्यांच्या आकारात कापलेली झुडपं, हिरवळ, फुलांचे वाफे. दांडगी झाडं सगळी कडेला, उताराच्या बाजूला. मलबार हिलसारख्या झाडीच्या टेकडीवर, नेमकी माथ्यावरच ही कंजुषी का? कारण पायाखाली दक्षिण मुंबईच्या पाण्याची टाकी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलेली ही बाग त्या टाकीचं छत आहे. छतावरच्या मातीत वड-पिंपळ लावून चालत नाही, मुळं पाण्याचा वास काढत खाली जाणारच. इतकी वर्षं ते हिरवे प्राणी मला पोरकट वाटायचे. त्या दिवसापासून ते समंजस वाटतात. २०२३ मध्ये टाकी नव्याने बांधायची योजना पुढे आली आणि बागेचं काय होणार म्हणून रहिवाशांनी विरोध केला, ते आठवत असेल. आपण टाकीवर फेऱ्या मारतो हे अनेकांना तेव्हाच पहिल्यांदा कळलं असावं.

समोरचं कमला नेहरू पार्क १९५२चं. म्हातारीचा बूट, वरून दिसणारी चौपाटीच्या किनाऱ्याची कमान, सहलीला आलेल्या शाळांचा गलका. सोबत पोरं नसतील तर दहा मिनिटं पुरे.

हॉर्निमन सर्कलला मी नेहमी ऑफिसच्या वाटेवरची बाग म्हणून हलकं घेत आलो. चूक माझी. इथे ‘खाली काय’ या रकान्यात जागा पुरली नाही. आधी हे बॉम्बे ग्रीन, किल्ल्याच्या आतलं मोकळं रान, जिथे कापसाच्या गासड्या रचलेल्या असायच्या. कापूस कुलाब्याला गेला आणि इथे कचरा साठायला लागला. मग भोवती एकसारख्या दर्शनी भागांच्या इमारतींचं वर्तुळ आखलं आणि १८७२ मध्ये मधली बाग तयार झाली. १८५०च्या दशकात शेअर दलाल टाउन हॉलसमोरच्या वडाखाली जमायचे, तेही याच परिसरात. स्वातंत्र्यानंतर एल्फिन्स्टन सर्कलचं हॉर्निमन सर्कल झालं. बेंजामिन हॉर्निमन ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक, जालियनवाला बागेच्या बातम्या बाहेर काढल्या म्हणून १९१९ मध्ये त्यांना सरकारने इंग्लंडला धाडलं. तुम्ही गेलात तर दुपारी जा. बाकांवर डबे सोडलेली माणसं आणि वर गच्च सावली, फोर्टात एरवी हे दोन्ही एकत्र मिळत नाही.

टेपबद्दल एक सूचना. हातात टेप दिसली की मुंबईकराला एकच शंका येते. एका बागेत (नाव नको) सकाळी फिरायला आलेल्या आजींनी मला गाठलं, “कुठलं झाड तोडताय? कोणी पाठवलं तुम्हाला?” मी वही दाखवली. त्यांनी ती पानन् पान तपासली, मगच सोडलं. मला राग आला नाही, उलट प्रत्येक बागेला अशा आजी मिळोत असं वाटलं. पण तेव्हापासून मी गाठी मारलेली सुतळी वापरतो. सुतळी पाहून कोणी घाबरत नाही.

ती सुतळी भायखळ्याच्या राणीबागेत, म्हणजे प्राणिसंग्रहालयाच्या बागेत, खरी कामाला आली. गोरखचिंचेच्या (बाओबाबच्या) अवाढव्य खोडापुढे दीड मीटरची टेप म्हणजे हत्तीला पैंजण. गोरखचिंच उन्हाळाभर निष्पर्ण होती. गेल्या आठवड्यात पाहिलं तर पंजासारखी पानं फुटली आहेत. तिला पावसाची बातमी आधी लागते. राणीबाग १८६२ची, मी आतापर्यंत पाच वेळा गेलो आणि नोंदी अजून अर्ध्याच. फेब्रुवारीतली एक नोंद तर खोडावी लागली. तांबूस, लोंबकळती कोवळी पानं पाहून ‘उर्वशी’ लिहून मोकळा झालो होतो. पुढच्या खेपेला त्याच झाडावर लाल फुलांचा गच्च गोंडा. ब्राउनिया निघालं! उर्वशी, सीता-अशोक आणि ब्राउनिया, तिघांचीही कोवळी पालवी अशीच मरगळलेली असते. फुलं दिसेपर्यंत पेनाला टोपण ठेवा. उर्वशीचं फूल लांब दांडीवर खाली लोंबतं, ते एकदा पाहिलं की गोंधळ संपतो.

पेंग्विनच्या रांगेतले लोक या झाडांकडे ढुंकूनही बघत नाहीत, त्यामुळे मोजणी निवांत होते. बुधवारी बाग बंद असते, हे मी बुधवारी जाऊन शिकलो. शहराला ज्याचं काय करावं कळेना ते सगळं इथे येऊन थांबलंय. काळा घोडा चौकातला मूळ पुतळा १९६५ मध्ये इथे आला. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटलं तो दगडी हत्तीही शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या अंगणात उभा आहे. ‘खाली काय’मध्ये मात्र एकच शब्द: माती. झाडांचे घेर पाहता तेवढं पुरतं.

याच्या उलट टोक म्हणजे धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. सुमारे ३७ एकर, मिठी नदीच्या काठाला, आणि खाली शहराचा जुना कचरा. डंपिंग ग्राउंड बंद झाल्यावर इथे झाडं लावली गेली आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी उघडलं. बाहेर लिंक रोडची धडधड, आत शिरल्यावर पाच मिनिटांत कान मोकळे. पायवाटेच्या कडेला जुन्या कचऱ्याची काही खूण दिसते का म्हणून मी वाकून वाकून पाहिलं. सापडलं ते आदल्या दिवशीचं वेफर्सचं पाकीट. इथली झाडं वयाने राणीबागेची पतवंडं, घेर बेताचे, पण दाटी अशी की सुतळी फिरवायला हात जात नाही.

वांद्र्याचं जॉगर्स पार्क (१९९०) याच कुळातलं, तेही कचऱ्याच्या जागेवर. फरक समुद्राचा. भरतीला खारा वारा थेट अंगावर येतो. धावणाऱ्यांच्या मध्ये घुसून खोड मोजणं हा अपमान मी एकदाच सहन केला.

शिवाजी पार्क यादीत घ्यावं का, यावर माझं माझ्याशीच भांडण आहे. ते मैदान आहे. पण कट्ट्याच्या कडेची झाडं सोडवत नाहीत.

पुढची फेरी शिवडीची, आणि तिने रकान्याची पंचाईत केली आहे. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडियाची बाग पूर्वी शिवडीला होती. १८६५ मध्ये आयुक्त आर्थर क्रॉफर्डने ती जागा दफनभूमीसाठी घेतली. म्हणजे इथे खाली बाग आणि वर कबरी. २७वं नाव म्हणून पेन्सिलीने लिहून ठेवलंय. पावसाने उसंत दिली की जाईन, सुतळी घेऊन.