अरोवानाची फाइल: चिप आहे, पण रीडरवर उमटत नाही

केंद्राच्या परिवेश या पर्यावरण-वन परवानग्यांच्या पोर्टलवरची, अरोवाना मासा एका मालकाकडून दुसऱ्याकडे देण्याची (हस्तांतराची) फाइल पुन्हा अडली. मासा सुपर रेड या लाल जातीचा. त्याच्या प्रमाणपत्रावर क्रमांक आहे, अंगात ओळखीची चिप आहे, पण तपासणीत रीडर कोराच राहिला. क्रमांक जुळल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, आणि ते योग्यच आहे. आशियाई अरोवाना साईट्सच्या (CITES, दुर्मीळ वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक यादीत आहे. नोंदणीकृत फार्ममध्ये पैदास झालेल्या माशाला परिशिष्ट २ ची, म्हणजे परवान्यावर व्यापाराची, वाट मिळते, आणि तो मासा फार्मचाच आहे हे चिपवरूनच ठरतं.

गोम वारंवारतेत आहे. कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांकडचे बरेच रीडर १३४.२ किलोहर्ट्झचे, १५ अंकी आयएसओ चिप वाचणारे. जुन्या माशांत १२५ किंवा १२८ किलोहर्ट्झच्या चिपा सापडतात. त्यांचा क्रमांक ९ किंवा १० चिन्हांचा, कधी अक्षरांसह. म्हणून आधी प्रमाणपत्रावरची चिन्हं मोजा, मग रीडर शोधा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींचे १२ अंकी बिल्ले असतात, त्यांना रीडर लागतच नाही. तिथे चक्कर मारू नका. दार उघडायच्या कार्डाचे स्वस्त १२५ वाले रीडरही घेऊ नका. वारंवारता जुळली तरी संकेताची पद्धत वेगळी असू शकते. सगळे प्रकार वाचणारा युनिव्हर्सल रीडरच हवा, महाग असला तरी.

तसा रीडर लावला आणि क्रमांक उमटला, अक्षर न् अक्षर प्रमाणपत्राशी जुळणारा! फार मोठं काम झालं.

वाचताना मोटर, हीटर, ट्यूबलाइट बंद ठेवा. लोखंडी स्टँडपासून दूर, मासा जाड पॉलिथिनच्या पिशवीत घ्या. जाळीत खवले उचकटतात. चिप पाठीच्या स्नायूत असते, बहुधा शरीराच्या लांबीत. रीडर कुशीला सपाट टेकवला तर चिप आडवी पडते आणि सिग्नल निसटतो. डोक्याकडून, शेपटीकडून, कोन बदलत सावकाश फिरवा.

चिप वाचत नाही म्हणून ती काढून नवी टोचायचा सल्ला सर्रास मिळतो. ओळखखूण बदलणं किंवा काढणं कायद्याने मना आहे. दुसरी चिप हवीच असेल तर आधी नागपूरच्या वनभवनात, मुख्य वन्यजीव रक्षकांकडे लेखी विचारा.

यानंतर थेट सिंगापूरहून जोडी मागवायचा बेत होता. पण त्यासाठी मूळ निर्यात परवाना हवा, छायाप्रत चालत नाही. तो साधारण ६ महिनेच ग्राह्य असतो. शिवाय आरोग्यविषयक आयात परवाना वेगळा, विलगीकरण वेगळं. हे लिहिता लिहिताच बेत बदलतोय: देशातलाच नोंद झालेला मासा घ्यायचा, आणि पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून स्कॅन करतानाचा व्हिडिओ मागायचा, पडद्यावरचा क्रमांक आणि मासा एकाच चौकटीत. जो विक्रेता टाळाटाळ करेल त्याच्याकडून घेऊच नये. आधीपासून जवळ असलेल्या अशा प्राण्यांच्या नोंदणीची ६ महिन्यांची मुदत २८ ऑगस्ट २०२४ ला संपली, त्यामुळे ‘नंतर नोंदवू’ हे उत्तर पुरत नाही. मासा २०२० च्या स्वेच्छा घोषणेतला (जवळचे विदेशी प्राणी सरकारला आपणहून कळवण्याच्या योजनेतला) असेल तर ती पावती मागा.

मासा आणायचा तो डिसेंबर-जानेवारीत. मे महिन्यात चंद्रपूर पट्ट्यात पारा ४५ वर जातो आणि थर्माकोलचा डबाही हरतो. आधी २४ ते ४८ तास उपाशी ठेवायचा, एका पिशवीत एकच, एक तृतीयांश पाणी, बाकी ऑक्सिजन. पिशवी माशापेक्षा लांब हवी, वाकून बसता कामा नये. डब्यावर चिप क्रमांक आणि आत कागदांच्या प्रती, मूळ कागद सोबतच्या माणसाकडे.