खाटेचं भाडं अठराशे

इचलकरंजीत एका सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ देणाऱ्या कारखान्याच्या, ऑफिसात मी अकाउंट्स बघते. एकवीस वर्षं दुसऱ्याचा पैसा लिहून काढला की घरचंही आपोआप खतावलं जातं. माझ्या सोरायसिसची म्हणूनच एक वेगळी वही आहे. पहिली नोंद २००३ ची : डाव्या कोपरावर चट्टा, मलम, ८५ रुपये. तेव्हा घरात सगळे त्याला इसबच म्हणायचे.

मधली पानं भराभर उलटते. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या, आठवड्यातून एकदा, सहा वर्षं. लिव्हरचे रिपोर्ट बिघडले म्हणून बंद. मग कोल्हापूरला जाऊन अल्ट्राव्हायोलेट लाइटच्या पेटीत उभं राहणं, एसटीच्या तिकिटासकट. ॲप्रेमिलास्टच्या गोळ्यांनी चट्टे जागच्या जागी ठेवले आणि पोट तेवढं बिघडवलं. २०२३ च्या पावसाळ्यात पाठ, पाय, डोकं खपल्यांनी भरलं. सकाळी अंथरूण झाडलं की सूप भरेल एवढा कोंडा. बोटंही वळेनात, कॅल्क्युलेटरची बटणं दाबताना डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टर म्हणाले, आता बायोलॉजिक.

म्हणजे अडालिमुमॅब. अंगात दाह पेटवणारं टीएनएफ नावाचं प्रथिन हे औषध अडवतं. ते जिवंत पेशींमध्ये वाढवावं लागतं, म्हणून किंमत गोळ्यांसारखी नसते. त्याचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी जवळपास मिळतंजुळतं दुसऱ्या कंपनीचं औषध, डिसेंबर २०१४ मध्ये आपल्याकडेच निघालं, अहमदाबादच्या झायडसचं, अमेरिकेतल्या भावाच्या साधारण पाचव्या हिश्शात. हे ऐकून मला बरं वाटलं होतं. केमिस्टनं माझ्या ब्रँडचा भाव सांगेपर्यंत. डिस्काउंट धरून एक सुई ९,४०० रुपये.

पहिल्या दिवशी दोन, आठवड्यानं एक, मग दर पंधरा दिवसांनी एक. पहिल्या वर्षाच्या २८ सुया, म्हणजे २,६३,२०० रुपये. माझा पगार महिना ३८,०००. जवळपास सात महिन्यांचा पगार. ईएसआयसीची, म्हणजे सरकारी कामगार विम्याची, पगाराची मर्यादा तेव्हा २१,००० ची होती, त्यामुळे तिथं मी बसत नव्हते. ठरावीक आजारांच्या खर्चावर सूट देणारं इन्कम टॅक्सचं कलम ८० डीडीबी काढून बघितलं. त्याच्या यादीत कर्करोग होता, पार्किन्सन होता, हिमोफिलिया होता, सोरायसिस नव्हता.

सुरू करायच्या आधी टीबीची तपासणी लागते, कारण हे औषध अंगात झोपलेला टीबी जागा करू शकतं. माझ्यात तो झोपलेला निघाला. त्याच्या सहा महिन्यांच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळाल्या. वहीत त्या ओळीपुढे शून्य लिहिताना फार बरं वाटलं.

राहिला विमा. २०१८ मध्ये फॅमिली फ्लोटर घेतला, सगळ्या घराचा मिळून एक विमा, पाच लाखांचा. फॉर्मवर मी सोरायसिस लिहायला लागले तेव्हा एजंट म्हणाला होता, "मॅडम, ते कशाला लिवताय? कोण बघतंय?" मी लिहिलं. जुन्या आजाराला चार वर्षं थांबावं लागलं (आता हा काळ जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येतो, एप्रिल २०२४ पासून). ती चार वर्षं २०२२ मध्ये संपली, म्हणून मी निर्धास्त होते.

पहिल्या तीन सुया कोल्हापूरच्या एका हॉस्पिटलात डे केअरमध्ये, म्हणजे रात्र न काढता काही तासांच्या भरतीत, घेतल्या, दोन फेऱ्या. कंपनीचं पत्र आलं : हा उपचार ओपीडीत होऊ शकतो, भरती व्हायची गरज नव्हती, सबब क्लेम नामंजूर. तोच एजंट परत आला. म्हणाला, "एक रात्र ॲडमिट दाखवू, ताप म्हणून. हॉस्पिटल मी बघतो." खोटी बिलं कशी बनतात ते मला चांगलं माहीत आहे. दोन रात्री झोप आली नाही, इतका मोह झाला. नाही म्हटलं, पण ते काही फार सात्त्विकपणानं नाही. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन त्याच पॉलिसीवर व्हायचं होतं. एक कागद खोटा सापडला तर सगळंच गेलं असतं.

मग रविवारी पॉलिसीचं पुस्तक घेऊन बसले. चौतिसाव्या पानावर सापडलं. सप्टेंबर २०१९ मध्ये आयआरडीएआयनं, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकानं, बारा आधुनिक उपचारांची यादी दिली होती, ते पॉलिसीतून वगळायचे नाहीत म्हणून. मर्यादा मात्र घालायची मुभा होती. रोबोटनं केलेली शस्त्रक्रिया, स्टेम सेल, आणि त्यातच एक ओळ : इंजेक्शनानं दिलेली मोनोक्लोनल अँटिबॉडी. अडालिमुमॅब म्हणजे तेच की! पुढे मात्र अट आहे : भरती होऊन, डे केअरमध्ये किंवा डॉमिसिलियरीत. डॉमिसिलियरी म्हणजे ज्याला हॉस्पिटलात हलवता येत नाही किंवा जिथं खाट मिळत नाही त्याचा घरी उपचार. मी तर चालत केमिस्टकडे जाते.

कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिलं, नकार कायम. मग पुण्याला विमा लोकपालांकडे अर्ज. फी नाही, वकील लागत नाही, आधी कंपनीकडे तक्रार केल्याचा कागद लागतो आणि नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं. सुनावणी व्हिडिओवर झाली. मालकांनी केबिन दिली. कंपनीचा माणूस सभ्य होता. शेवटी तडजोड झाली : डे केअरमध्ये घेतलेलं मिळेल, वर्षाला एक लाखापर्यंत. घरी टोचलेलं मिळणार नाही.

आता हिशोब बघा. ही सुई पेनसारखी असते, पोटाच्या कातडीत मी स्वतः टोचते, दहा सेकंद लागतात. घरी घेतली तर ९,४०० आणि सगळे माझे. हॉस्पिटलात घेतली तर खाटेचं भाडं १,८०० धरून ११,२००, ते कंपनीचे. म्हणजे कंपनी जास्त द्यायला तयार, कमी द्यायला नाही. शिवाय ते भाडं माझ्याच लाखातून जातं. आठ फेऱ्यांत ८९,६०० संपतात, नवव्या फेरीला ८०० रुपये कमी पडतात. वर्षाच्या सव्वीस सुयांपैकी उरलेल्या सतरा माझ्या, १,५९,८०० रुपये. खाट नसती तर त्याच लाखात दहा सुया बसल्या असत्या. डॉक्टरांनाही हे हसू येतं. याच जातीचं पण सलाइनमधून चढवायचं इन्फ्लिक्सिमॅब असतं तर कुणी प्रश्न विचारला नसता, ते म्हणाले. पण पॉलिसी बघून औषध निवडायचं नाही, एवढं मात्र त्यांनी ठामपणे सांगितलं.

अंग स्वच्छ झालंय, हे सांगायचं राहिलंच. तिसऱ्या महिन्यात अर्ध्या बाह्यांचं ब्लाउज शिवलं, वीस वर्षांनी. शिलाई ४५०, तीही वहीत आहे.

परवा यंदाची सहावी फेरी झाली. थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन एसटीनं गेले, कारण सुई २ ते ८ डिग्रीत राहावी लागते. वॉर्डात खुर्चीवर बसले तर सिस्टर म्हणाली, "मॅडम, आडवं व्हा की."

"टोचून झाली पण, पोरी."

"व्हय, पण पेपरात बेड लिहायचाय."

चपला काढून आडवी झाले. शेजारच्या खाटेवरच्या आजींनी विचारलं, काय झालंय बाई तुला? मी पिशवीतून ऑफिसचा जूनचा ट्रायल बॅलन्स, म्हणजे जमा-नावेचा ताळा, काढला. केस पेपरवर भरती ११.१०, डिस्चार्ज १.१५. ट्रायल बॅलन्समध्ये ३६ रुपयांचा फरक होता, तो सव्वाच्या आत सापडला.