मेळाव्याच्या चिठ्ठ्या

पोरांमधली मारामारी कमी व्हावी म्हणून भरणाऱ्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्याचा विषय निघाला की जुन्या कार्यकर्त्यांना हमखास आठवतात त्या रंगीत चिठ्ठ्या. दारातच डबा पुढे यायचा. चिठ्ठी उचला, त्या रंगाच्या गटात जा. एका गटात आठ-दहा मुलं-मुली आणि सोबत एक ताई किंवा दादा. ‘आम्हाला एकत्रच ठेवा ना दादा’ ही कुरकुर पहिला अर्धा तास चालायची. दुपारी तीच पोरं नव्या गटाच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडत असायची.

यात एक मेख होती. सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकाच डब्यात टाकल्या तर कधीकधी एकाच गल्लीतले चौघे नेमके एका गटात येतात. म्हणून डबे गल्लीवार वेगळे. गट पाच असले, तर प्रत्येक डब्यात पाचही रंग सारख्या संख्येने. मुलांना वाटायचं नशिबाने पडलं, आणि तसं वाटणंच बरं.

एवढा आटापिटा करायला कारण आहे. अमेरिकेत केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ मध्ये मुलं गुन्ह्यांकडे वळू नयेत म्हणून ५०६ मुलांवर एक मोठा प्रयोग सुरू झाला. निम्म्या मुलांना वर्षानुवर्षं मार्गदर्शन, शिकवणी, सुट्टीतली शिबिरं असं सगळं मिळालं. संशोधक जोन मॅककॉर्ड यांनी तीसेक वर्षांनी सगळ्यांचा माग काढला, तेव्हा मदत न मिळालेल्यांपेक्षा मदत मिळालेल्यांचंच काही बाबतींत उलट वाईट झालेलं निघालं. पुढच्या विश्लेषणात बोट शिबिरांकडे गेलं: एकापेक्षा जास्त वेळा शिबिराला गेलेल्यांचं नुकसान जास्त. वाह्यात मुलं एकत्र आली की एकाने मारामारीचा किस्सा सांगायचा, बाकीच्यांनी हसायचं. त्या हसण्यातच शिकवणी होते, असा संशोधकांचा अंदाज. तापट मुलांचा ‘खास’ गट करा, अशी सूचना दर वर्षी कुणीतरी करायचंच. ती दर वर्षी फेटाळली जायची.

खेळ रंगात असताना भांडण क्वचितच व्हायचं. ठिणगी पडायची ती मधल्या वेळात: पाण्याच्या रांगेत, माइक बंद पडल्यावर, निकालाची वाट पाहताना. दोन कार्यक्रमांमध्ये दहा मिनिटांपेक्षा जास्त पोकळी नको, हा नियम त्यातूनच आला. पाण्याची ठिकाणं दोन, तीही मैदानाच्या दोन टोकांना. आणि ज्याचा हात मारायला आधी उठतो त्याच्याकडे घड्याळ, शिट्टी किंवा गुणफलक. मात्र काम खरं हवं. नुसता बिल्ला लावून उभं केलेला मुलगा तासाभरात ओळखतो की आपल्याला गुंतवून ठेवलंय.

भाषणाला सात मिनिटं. पाहुणे बारा मिनिटांवर जायचे, ते चालायचं. तुरुंगाच्या कहाण्या सांगून पोरांना घाबरवणारा वक्ता मात्र नको. अशा ‘धडकी भरवणाऱ्या’ कार्यक्रमांची नीट तपासणी झाली आहे; गुन्हे घटण्याऐवजी वाढलेलेच दिसले.

दुपारनंतर झाडाखाली एक टेबल लागायचं. एका मुलाशी एक मोठा माणूस जोडून देण्याची नोंदणी तिथे. वर्षभर, महिन्यातून दोन-तीनदा भेटणार असाल तरच सही करा, हे नोंदवहीच्या पहिल्याच पानावर. उत्साहाच्या भरात आलेल्या कॉलेजच्या पोरांना तिथूनच हसत परत पाठवलं जायचं. काहींना रागही यायचा. पण अशा जोड्यांच्या १९९५ मधल्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात, सोबती मिळालेल्या मुलांचं कुणावर हात उगारण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांश कमी भरलं. आणि नंतरच्या विश्लेषणात पहिल्या तीन महिन्यांतच तुटलेल्या जोड्यांमधल्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास घसरलेला दिसला. महिन्याभरात गायब होणारा दादा नसलेलाच बरा.

सगळ्यात अवघड वेळ निकालानंतरची. हरलेला गट आणि जिंकलेला गट एकाच फाटकातून बाहेर पडला की दिवसभराचं सगळं मुसळ केरात. म्हणून निकाल शेवटी कधीच नाही. निकाल, मग गाणी, मग सगळ्यांनी मिळून मैदान आवरणं. त्यानंतर गटागटाने, पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतराने मुलं सोडायची. कोपऱ्याकोपऱ्यावर दोन-दोन कार्यकर्ते, शेवटचं पोर घरी पोचल्याचा निरोप येईपर्यंत. त्या ड्युटीसाठी कार्यकर्त्यांत चढाओढ असायची, कारण दिवसभरातल्या खऱ्या गप्पा त्या रस्त्यावरच व्हायच्या.