तुम्ही विचारलंत म्हणून: "सर, किती टक्के चालतंय?"

रिसर्च मेथडॉलॉजी शिकवतो म्हणून मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. एम.ए.ची लेकरं विचारतात, पीएचडीवाले विचारतात, आणि आता तर परळी-केजकडचे ओळखीचे मास्तर लोकपण फोन करून विचारायलेत की प्लॅजरिझम, म्हणजे दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून दाखवणं, किती टक्क्यांपर्यंत चालतंय. संदर्भ नेमका कुठं द्यावा लागतो हे मात्र कुणी विचारत नाही, आणि खरी गोची तिथंच आहे.

टक्क्यांचं आधी उरकून टाकतो. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 2018 चे नियम आहेत, त्यात सॉफ्टवेअरनं तपासल्यावर दुसऱ्याच्या लिखाणाशी 10 टक्क्यांपर्यंत साम्य निघालं तर शिक्षा नाही, 10 च्या पुढं 40 पर्यंत असेल तर थिसिस दुरुस्त करून जास्तीत जास्त 6 महिन्यांत परत द्यायचा, 40 ते 60 मध्ये सापडलात तर वर्षभर दुरुस्त थिसिस देताच येत नाही, आणि 60 च्या वर गेलं की रजिस्ट्रेशनच रद्द. संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, ऋणनिर्देश हे मोजणीतून वगळतात. झालं. पण हे कळलं की लेकरांचं पहिलं काम काय, तर शब्द इकडचे तिकडं करून आकडा दहाच्या खाली आणायचा. म्हणजे विचार उचललेलाच, नाव कुणाचंच नाही, आणि रिपोर्ट एकदम स्वच्छ! मराठीत तर हे अजून सोपं, इंग्रजी पुस्तकातलं पान मराठीत करून टाकलं तर सॉफ्टवेअरला सहसा पत्ता लागत नाही, आणि डीटीपीवाल्यानं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलं असेल तर त्याला ते मराठी म्हणून वाचताच येत नाही. तेव्हा टक्का कमी आला म्हणून लगेच पेढे वाटू नयेत.

मग संदर्भ द्यायचा कुठं? मी शिकवतो अंबाजोगाईत, म्हणून उदाहरण गावातलंच घेतो. मुकुंदराजांवर पाच ओळी लिहा म्हणतो. झाडून सगळे लिहितात की आद्यकवी मुकुंदराज अंबाजोगाईचे आणि विवेकसिंधु हा ग्रंथ त्यांनी शके 1110 मध्ये लिहिला. संदर्भ? "सर, ह्याला काय संदर्भ द्यायचा, सगळ्यालाच माहितंय की, समाधी हितंच हाय." मग मी सांगतो की विदर्भात वैनगंगेच्या काठी अंभोरा म्हणून गाव आहे, तिथल्या पोरांना विचारून बघा, त्यांनाही सगळ्यांना माहितंय की मुकुंदराज अंभोऱ्याचे. ग्रंथातल्या स्थळाच्या उल्लेखाचा अर्थ कसा लावायचा यावर अभ्यासकांचं एकमत नाही, शके 1110 वरपण काहींनी शंका घेतलीय, आणि ती शंका खरी धरली की 'आद्यकवी' हा शब्दसुद्धा डळमळतो. इथं वर्गात गलका होतो, गावाचा अभिमान मधी येतो (यायलाच पाहिजे), कुणीतरी म्हणतं "सर तुम्ही कुणाच्या बाजूनं?" मी निकाल देत नसतो. एवढंच म्हणतो की समोरचा जिथं "असं कोण म्हणतं?" विचारू शकतो तिथं संदर्भ.

17 सप्टेंबर 1948 ला निजामानं शरणागती पत्करली, याला तळटीप लागत नाही, शाळेतल्या झेंडावंदनापासून आपल्याकडं हे सगळ्यांना माहितंय आणि कुणी उलटं सांगतही नाही. पण त्या दिवसांत तुमच्या गावात काय झालं, कोण गेलं, कुणाचं घर जळालं, हे लिहायला लागलात की प्रत्येक वाक्यापाशी विचारणारा माणूस उभा असतो.

संदर्भ लिहिताना स्वल्पविराम कुठं, पूर्णविराम कुठं हे मी सुरुवातीला शिकवतच नाही. आधी दुसऱ्यानं दिलेला एक संदर्भ हातात देतो आणि लायब्ररीत पिटाळतो, जा, हे वाक्य त्या पानावर दाखव. पोरगं परत येतं, सर त्या पानावर नाहीच. नसणारच, कारण लेखकानं पहिली आवृत्ती वापरली आणि आपल्या कपाटात तिसरी आहे. आवृत्ती का लिहायची हे तेव्हा कळतं, माझ्या भाषणानं कळत नाही. कधी असं निघतं की मूळ पुस्तक त्या लेखकानंसुद्धा बघितलेलं नाही, तिसऱ्याच्या ग्रंथातून उचललंय. आपणही मूळ बघितलं नसेल तर 'अमक्याच्या ग्रंथातून उद्धृत' असं सरळ लिहावं, त्यात कमीपणा काहीच नाही. आणि 'स्रोत: गुगल' हे मी खोडतो. मराठी विश्वकोशाच्या नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, तेवढं खाली स्क्रोल करायला काय जातंय.

1972 च्या दुष्काळावर प्रोजेक्ट करणाऱ्या एका मुलीनं सुकडी, मिलो (तेव्हा वाटलेलं खाणं-धान्य), खडी फोडायची कामं असं सगळं फार छान लिहून आणलं होतं, माहिती सगळी आजीची, आणि आजीचं नाव कुठंच नाही. "घरचीच हाय की सर." जिचं ऐकलं तिचं नाव नाही, आणि जी पुस्तकं उघडूनही बघितली नाहीत ती मात्र यादीत ओळीनं मांडलेली! आजीचं नाव, गाव, मुलाखतीची तारीख, हा संदर्भच आहे. संदर्भ लिहायच्या दोन ठरलेल्या पद्धती आहेत, एमएलए आणि एपीए; एमएलए पद्धतीत अशी मुलाखत शेवटच्या यादीत येते, एपीएत घरगुती बोलणं यादीत येत नाही, मजकुरातच नाव आणि तारीख द्यायची. जात्यावरच्या ओव्यांचा ग्राइंडमिल साँग्ज प्रोजेक्ट पारीच्या (ग्रामीण भारतावरच्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या) वेबसाइटवर आहे, एक लाखाच्या वर ओव्या, गाणाऱ्या बाईचं नाव-गाव दिलेलं, आपल्या माजलगावच्या बायांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्यापण आहेत त्यात. एकदा बघाच.

हल्ली यादीत कधी छापलीच नाहीत अशी पुस्तकंपण येतात, चॅटजीपीटीनं दिलेली, लेखक खरा वाटतो, प्रकाशक खरा वाटतो, पुस्तकच नाही. न्यूयॉर्कच्या कोर्टात 2023 मध्ये वकिलांनी असेच नसलेले निकाल दाखल केले, समोरच्या वकिलांनी शोधले तर सापडेनात, बिंग फुटलं आणि 5,000 डॉलर दंड बसला. लायब्ररीत पिटाळतो ते ह्याच्यासाठीपण.

राहिलं एपीए का एमएलए. विद्यापीठ किंवा जर्नल सांगेल ते, त्यात स्वतःचं डोकं लावू नका, फक्त एका पेपरात दोन्हींची खिचडी नको. संदर्भ साठवून यादी करून देणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, ते वापरा, पण ते आडनाव वेगळ्या रकान्यात मागतं आणि आपल्या जुन्या कवींना आडनावं नाहीत, तिथं एकाच रकान्याचा पर्याय निवडून पूर्ण नाव टाका. नाहीतर एका पठ्ठ्याच्या यादीत आलं होतं तसं येतं, 'राज, मुकुंद'.