फिरतीवर असताना घर का बांधले, असे तुम्ही विचारलेत म्हणून

वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांपासून रात्रीच्या गाडीत समोरच्या बर्थवर बसलेल्या अनोळखी बाईंपर्यंत अनेकांनी मला एकच प्रश्न विचारला आहे : महिन्यातले पंधरा दिवस तुम्ही बाहेरगावी, तुमचे यजमान रोज नागपूर-वर्धा अप-डाउन करणारे, मग घर बांधायला घेतलेतच कशाला? तयार फ्लॅट का नाही घेतला? आजवर मी या प्रश्नाला ‘प्लॉट होता म्हणून’ एवढेच उत्तर देत आले. ते खरे असले तरी पुरेसे नाही, आणि जवळच्या माणसांनी हाच प्रश्न विचारला की त्यामागचा दुसरा प्रश्नही मला ऐकू येतो, कारण स्लॅब घातला त्या मे महिन्यात आमच्याकडे काय झाले ते त्यांना ठाऊक आहे.

आधी पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. माझे सासरे रेल्वेत होते आणि सासूबाईंचा सगळा संसार अजनीच्या रेल्वे कॉलनीत झाला. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावे लागले, सासरे गेले, आणि आम्ही भाड्याच्या घरात तिसऱ्या मजल्यावर राहू लागलो. मानेवाड्याच्या पुढच्या एका ले-आउटमधला दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट सासऱ्यांनी हप्त्याहप्त्याने घेतला होता. तो नियमित झाल्याचे आर.एल. लेटर आणि कराच्या सर्व पावत्या आईंनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या होत्या. सीमेचे दगड कोणी हलवले तर नाहीत ना, हे पाहायला त्या दर रविवारी तिथे जात. अशा बाईला प्लॉट विकून पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट घेऊ या, असे सांगण्याची हिंमत माझ्यात नव्हती. शिवाय, हे मी प्रथमच लिहीत आहे, इच्छा केवळ त्यांची नव्हती. दर आठवड्याला बॅग भरणाऱ्या माणसाला परत येण्यासाठी जमिनीवर टेकलेले घर हवेसे वाटते, आणि मला ते फार हवेसे वाटत होते.

आम्ही बेफिकिरीने कामाला लागलो होतो, असे मात्र कोणी समजू नये. आमच्या भागात काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावर टेकवलेली भिंत तडकवते, म्हणून खोदकाम खालच्या घट्ट मुरमापर्यंत नेले, प्लिंथमध्येही काळी माती न टाकता मुरूमच भरला, आणि हे सर्व पावसाळ्याच्या बरेच आधी उरकेल असे बघितले. कर्जाचे हप्ते टप्प्याटप्प्याने सुटत असल्यामुळे बँकेच्या पाहणीच्या दिवशी रजा काढत होते. सळया बांधून झाल्या की मिस्त्री मला मोबाइलवर दाखवत आणि मी कोणत्या तरी गेस्ट हाउसमध्ये बसून त्यांच्यातील अंतरे मोजून घेत असे. त्यातून माझी अशी समजूत झाली की बांधकाम दुरून सांभाळता येते. मोबाइल फक्त दाखवलेली जागा दाखवतो. सळया मला मोजता आल्या. स्लॅबवर पाणी आहे की नाही, हे मात्र तिथे उभ्या असलेल्या माणसालाच कळते.

स्लॅब लांबत लांबत 22 मेच्या रात्री घातला गेला. एवढ्या उन्हात तो घालू नये हे मला माहीत होते, पण पाऊस सुरू झाला की रेतीचे घाट बंद होतात, सेंटरिंगचे भाडे दिवसागणिक चढते, आणि ठेकेदाराची माणसे एकदा दुसऱ्या कामावर गेली की दिवाळीपर्यंत परतत नाहीत. आमचे सिमेंट राखमिश्रित होते. औष्णिक वीज केंद्रांतून निघणारी राख त्यात असते, त्याची ताकद सावकाश वाढते, आणि म्हणून अशा कोरड्या उन्हात त्याची तराई, म्हणजे पाणी देऊन ते ओले ठेवणे, चौदा दिवस झाली पाहिजे. स्लॅबवर सिमेंट-रेतीच्या मसाल्याच्या छोट्या क्यारी करून त्यांत पाणी भरायचे आणि ते आटण्याआधी पुन्हा भरायचे, यासाठी एक मुलगा रोजाने ठेवला होता. 25 मेला नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापणारे नऊ दिवस, लागला. त्याच रात्री मी छत्तीसगडमधल्या कोरब्याला निघाले.

माझे काम वीज केंद्रांतील संरक्षण रिले, म्हणजे बिघाड ओळखून यंत्रणा आपोआप बंद करणारी उपकरणे, तपासण्याचे आहे. तिथल्या एका केंद्रात जनरेटर ट्रान्सफॉर्मरच्या डिफरेन्शियल रिलेने, म्हणजे आत जाणारा आणि बाहेर येणारा प्रवाह जुळतो का ते पाहणाऱ्या रिलेने, युनिट बंद पाडले होते. दोष खरोखर ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे की केवळ सीटीच्या, म्हणजे प्रवाह मोजून रिलेला कळवणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या, वायरिंगमध्ये, याचा निर्णय झाल्याशिवाय ते पुन्हा सुरू करता येत नव्हते. ऐन मे महिन्यात, घराघरांतले कूलर रात्रंदिवस चालू असताना, एक युनिट बंद ठेवणे कोणालाच परवडत नाही.

28 तारखेला सकाळी तो मुलगा आला नाही. घरच्या लग्नासाठी तो गावी गेला होता, हे नंतर समजले. आईंनी साडेअकरापर्यंत वाट पाहिली आणि मग अकरा वर्षांच्या माझ्या मुलीला सोबत घेऊन त्या साइटवर गेल्या. मुलीला खाली मोटरपाशी उभे करून, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, बांबूच्या शिडीने त्या स्लॅबवर चढल्या. क्यारी कोरड्या पडल्या होत्या. एकेक भरत त्या पाऊण तास वर होत्या, कारण शेवटची भरेपर्यंत पहिली आटू लागलेली असे. खाली उतरल्या त्या स्वतःच्या पायांनी, पण स्लॅबखालच्या टेकूच्या बल्ल्यांच्या सावलीत बसल्यावर त्यांनी नातीला विचारले, ‘‘तुझे आजोबा ड्यूटीवरून आले का?’’

मुलीने मला सात वेळा फोन केला. मी स्विचयार्डात होते आणि फोन कंट्रोल रूममध्ये ठेवलेला होता. तिने बाबांना फोन केला. ते परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षणावर होते आणि त्यांचाही फोन जमा होता. मग तिने तराईचाच पाइप आजीच्या डोक्यावर आणि अंगावर धरला आणि ओरडून शेजारच्या प्लॉटवरच्या काकांना बोलावले. त्यांनी आपल्या गाडीतून दोघींना दवाखान्यात नेले. आईंचा ताप चाळीस अंशांच्या वर गेला होता. वाटेत लागलेल्या वेळात अंग ओले होते याचा उपयोग झाला, असे डॉक्टर नंतर म्हणाले. हे सुचायला तिला कोणी शिकवलेले नव्हते, आणि सुचले नसते तर काय झाले असते, याचा विचार मी आजही पूर्ण करू शकत नाही.

अडीच वाजता मी फोन पाहिला. तोवर यजमान वर्ध्याहून निघाले होते. रात्रीची गाडी मला मिळत होती. मी ती घेतली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबले, दोष सीटीच्या एका सैल जोडणीत सापडला, अहवालावर सही केली, आणि 30 मेच्या सकाळी नागपूरला पोहोचले.

तुमचा दुसरा प्रश्न इथे येतो : कळल्यावर तुम्ही लगेच का निघाला नाहीत? त्या वेळची मी त्याचे उत्तर ठामपणे देत असे : आई डॉक्टरांच्या हाती होत्या, यजमान पोहोचत होते, मी जाऊन त्यांचा ताप उतरणार नव्हता, आणि माझ्याशिवाय ते युनिट सुरू होणार नव्हते. यातले पहिले तीन मुद्दे मला अजूनही बरोबर वाटतात. चौथा तसा नाही. माझ्यासोबत दोन सहकारी होते आणि त्यांतल्या एकाला तो दोष सापडला असता, थोडा उशिरा, पण सापडला असता. हे मला तेव्हाही ठाऊक होते. मी का थांबले, याचे प्रामाणिक उत्तर मला बहुधा असे द्यावे लागेल की तिथे काय करायचे ते मला नेमके येत होते आणि दवाखान्यात जाऊन आईंच्या समोर कसे उभे राहायचे ते येत नव्हते. तरीही हे लिहिताना मनात येतेच की परीक्षेच्या हॉलमध्ये फोन बंद ठेवणाऱ्या माझ्या नवऱ्याला हा प्रश्न आजवर एकानेही विचारलेला नाही. मी त्यांच्यावर राग धरून हे म्हणत नाही. त्यांनी काहीच चूक केलेली नव्हती. मग मी केली होती का, एवढेच मला विचारायचे आहे, आणि कधी ‘हो’ वाटते, कधी ‘नाही’.

आईंना याबद्दल बोललेले आवडत नाही. मी एकदा माफी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘तू तिथं काम करून राहिली होतीस, मी इथं करून राहिली होती. पाणी टाकाचं राहिलं असतं तर भेगा पडल्या असत्या ना.’’ भेगा पडल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या छतात एका कोपऱ्यात केसासारखी एक रेघ आहे, तेवढीच. मुलगी मात्र मी निघताना हल्ली एकच गोष्ट विचारते : तिथल्या कंट्रोल रूमचा नंबर. मी तो फ्रिजवर लिहून ठेवते.

कॉलमच्या सळया गच्चीच्या वर तशाच सोडल्या आहेत, गंजू नयेत म्हणून सिमेंटचे पाणी लावून. वर दोन खोल्या काढाव्यात, नातीला अभ्यासाला जागा होईल, आणि या वेळी हिवाळ्यातच काढाव्यात, असा आईंचा आग्रह सुरू झाला आहे. जानेवारीच्या माझ्या फिरतीच्या तारखा परवा आल्या. त्या मी त्यांना अजून सांगितलेल्या नाहीत, आणि मिस्त्रींना फोनही केलेला नाही.