चोराची चिठ्ठी

दुपारच्या ठाणे-वाशी लोकलला फारशी गर्दी नसते. खिडकीजवळ जागा मिळाली की ऐरोलीच्या आधी डोळा लागतो आणि तुर्भे आले की आपोआप उघडतो, असा माझा नेहमीचा अनुभव आहे. परवा मात्र समोरच्या बाकावरच्या दोन मुलांनी झोपू दिले नाही. त्यांच्या कोण्या एका मित्राने आजवर एकही आरपीजी, म्हणजे एखादे पात्र होऊन गोष्टीतून पुढे जायचा खेळ, खेळलेला नव्हता आणि त्याला पहिला गेम कोणता द्यावा, यावरून दोघांची चांगलीच जुंपली होती. एकाचे म्हणणे, सरळ 'बाल्डर्स गेट ३' हातात द्यावा. दुसऱ्याचे म्हणणे, ज्याने १९९७ सालचा 'फॉलआउट' खेळला नाही त्याला पुढचे काही कळायचेच नाही. घणसोली गेले, कोपरखैरणे गेले, गेमांची नावे वाढत गेली आणि मित्र बिचारा मागेच राहिला. तो चिडका आहे की सोशिक, त्याला वाचायला आवडते की भटकायला, याची चौकशी दोघांपैकी एकानेही केली नाही.

मी एवढे कान देऊन ऐकत होते, याला कारण होते. ऐरोलीच्या माझ्या भाचीने नवा लॅपटॉप घेतला आणि जुना माझ्याकडे आणून ठेवला. "मावशी, रिटायर झालीस. आता शब्दकोडी तरी किती सोडवशील? एखादा आरपीजी खेळून बघ," असे ती म्हणाली. कोणता, असे विचारल्यावर तिने जी नावे सांगितली, ती सगळी तिला स्वतःला पुष्कळ वर्षे खेळून झाल्यावर आवडलेली होती. जाणत्या माणसांची ही खोडच असते. कोणी पहिली पायरी विचारली की ते आपण सध्या जिथे उभे आहोत तो मजला दाखवतात, आणि वर उत्साहाने म्हणतात की इथून काय सुंदर दिसते!

'बाल्डर्स गेट ३' मी तिच्या नव्या यंत्रावर सुरू करून पाहिला. बेल्जियममधल्या लॅरियन स्टुडिओजचा हा गेम २०२३ साली आला आणि त्याच्या कौतुकाने माझी भाची अजून थकलेली नाही. कौतुक रास्तच असावे. पण खेळ सुरू होण्याआधी तो तुम्हाला एका पडद्यासमोर बसवतो आणि तुम्ही कोण, ते ठरवायला सांगतो. योद्धा, जादूगार, धर्मोपदेशक, चोर, भाट असे बारा वर्ग समोर मांडलेले असतात. त्यापुढे वंश, पूर्वायुष्य, चेहरा, केस आणि आवाज. त्यानंतर सहा गुणांमध्ये वाटण्यासाठी हाती दिलेले मोजके आकडे. या सहांमध्ये बुद्धी आणि शहाणपण यांची खाती वेगवेगळी आहेत, हे पाहून मला फार बरे वाटले. सरकारी कचेरीत नोकरी केलेल्या कोणालाही ही वाटणी तत्काळ पटेल. मात्र स्वतःची वाटणी करायची वेळ आली तेव्हा माझा हात अडला. जादूगार व्हावे तर कोणती जादू लागेल हे ठाऊक नाही, योद्धा व्हावे तर कोणाशी लढायचे ते ठाऊक नाही, आणि खाली पुढे जाण्याचे बटण शांतपणे वाट पाहत उभे. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर चौदा दिवसांच्या आत पैसे परत मागता येतात. माझ्यासारखीचे ते दोन तास नाक केवढे असावे हे ठरवण्यातच संपतील.

लहानपणी हा प्रश्न आम्हाला पडत नसे, कारण तो चिठ्ठी सोडवत असे. नौपाड्यातल्या आमच्या चाळीत पावसाळ्यात दिवे गेले की सामाईक गॅलरीत राजा, प्रधान, शिपाई आणि चोर यांचा डाव मांडला जाई. मागच्या इयत्तेच्या वहीचे उरलेले पान फाडून चार चिठ्ठ्या करायच्या, त्या ओंजळीत खुळखुळवून जमिनीवर टाकायच्या आणि झडप घालायची. ज्याला जे मिळेल ते तो. कागद पातळ असल्यामुळे शाई मागून उमटे, आणि चोराच्या चिठ्ठीच्या एका कोपऱ्याला चिवड्याच्या तेलाचा डाग होता, त्यामुळे कंदिलाच्या उजेडात ती लांबूनही ओळखू येई. सगळे ती टाळत. मी ती उचलत असे. राजाला हजार गुण मिळत हे खरे, पण राजाला नुसते बसून राहायचे असे. चोराला तोंडावरची सुरकुतीही न हलवता बाकी तिघांच्या नजरेसमोर बसावे लागे आणि मला त्यात अपार सुख होते.

पुढे त्याच डावात माझ्या मामेबहिणीने, म्हणजे आमच्या ताईने, एक भर घातली. चोर ओळखला गेला की डाव संपतो, हे तिला पटेना. ती म्हणाली, "राजवाड्यातून हार गेला आहे, चोर पळाला आहे, बाहेर पाऊस आहे. बोल चोरा, कुठे जाशील?" मी म्हटले, मासुंदा तलावातल्या होडीत जाऊन लपेन. "होडीवाला ओळखीचा आहे का?" मी छातीठोकपणे हो म्हटले. तिने सापशिडीचा फासा पुढे केला आणि चारच्या वर पडले तर ओळखीचा, नाहीतर तो शिपायाचा सख्खा मामा, असा निवाडा दिला. दोन पडले. तरी तिने मला पकडून दिले नाही. होडीवाल्याने मला पाहिले, पण त्याला शिपायाकडून जुने पैसे येणे होते, असे तिने पुढे जोडले, आणि गोष्ट तलावपाळीवरून कोपिनेश्वराच्या मागच्या बोळात शिरली. दिवे आले तरी कोणी उठले नाही.

त्याच सुमाराला, १९७४ साली, अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला होता. फासे, कागद, काही पात्रे आणि गोष्ट पुढे नेणारा एक सूत्रधार, असा तो खेळ. आजचे बहुतेक आरपीजी त्याच्याच वंशातले आहेत. नौपाड्यात त्याची वार्ता पोचण्याचा प्रश्नच नव्हता, आणि ताईच्या खेळाला नियमांचे पुस्तकही नव्हते. १९८१ साली 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' आले तोवर सूत्रधाराच्या जागी संगणक बसायला लागला होता. त्याला नियम पाठ होते आणि बेरीज चुकत नव्हती. पण दोन पडल्यावर होडीवाल्याची जुनी येणी आठवण्याइतके त्याचे मन मोठे नव्हते.

म्हणून पहिला गेम निवडताना चित्रे किती सुंदर आहेत किंवा बक्षिसे किती मिळाली आहेत, याला मी तरी महत्त्व देणार नाही. नवख्याच्या फाशावर दोन पडल्यावर सूत्रधार काय करतो, ते मी पाहीन. आणि त्याच्याही आधी, तो नवख्याला तू कोण हे कधी विचारतो, ते पाहीन.

१९९८ सालचा पहिला 'बाल्डर्स गेट' या दोन्ही बाबतींत मोठा कडक आहे. त्यात पहिल्या पातळीच्या जादूगाराच्या अंगात जेमतेम चार-सहा जीवबिंदू, म्हणजे मार सोसण्याची ताकद, असतात आणि चिलखत जितके उत्तम तितका त्याचा आकडा कमी, असा उफराटा हिशेब असतो. हे सगळे समजून घेऊन दमूनभागून तुम्ही फ्रेंडली आर्म नावाच्या सरायीपाशी पोचावे, तर पायऱ्यांवरच एक मारेकरी जादूगार तुमचे नाव विचारायला उभा. नवखे लोक तिथे पटापट मरतात. 'फॉलआउट'मध्ये आरंभीच सात गुण भरावे लागतात आणि पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची चिप शोधायला १५० दिवसांची मुदत असते. पण त्याचा सूत्रधार मिस्कील आहे. बुद्धीच्या रकान्यात अगदीच कमी आकडा टाकला तर तुमच्या पात्राला धड वाक्यही बोलता येत नाही आणि समोरची माणसे त्याच्याशी तसेच वागतात. चुकीचे उत्तर दिल्यावर शिक्षेऐवजी वेगळी गोष्ट हाती पडते, हे मला ताईच्या जातीचे वाटले.

तू कोण, हे विचारण्याच्या तऱ्हाही पाहण्यासारख्या आहेत. १९८५ सालच्या 'अल्टिमा ४' मध्ये एक भविष्य सांगणारी बाई पत्ते मांडते आणि पेचात टाकणारे प्रश्न विचारते. प्रामाणिकपणा राखायचा की दया, न्याय की त्याग, असे आठ सद्गुणांमधून निवडत निवडत शेवटी एक उरतो आणि त्यावरून तुमचा व्यवसाय ठरतो. शौर्य उरले तर योद्धा, प्रामाणिकपणा उरला तर जादूगार. आणि नम्रता उरली तर मेंढपाळ, जो सगळ्यांत दुबळा. नम्र माणसांची सगळीकडे हीच गत! पोलंडमध्ये तयार झालेल्या २०१५ सालच्या 'द विचर ३' ने प्रश्नच निकालात काढला आहे. तुम्ही पांढऱ्या केसांचे गेराल्ट आहात, राक्षस मारणे हा तुमचा धंदा आहे, चला घोड्यावर बसा. ज्यांना ठरवण्याचा कंटाळा आहे त्यांची यात उत्तम सोय होते, परंतु घडलेल्या माणसाच्या कपड्यांत शिरून त्याच्या जुन्या ओळखीच्यांशी बोलताना मला अवघडल्यासारखे होते.

सर्वांत प्रामाणिक युक्ती मला विस्मरणाची वाटते. १९९९ सालच्या 'प्लेनस्केप: टॉर्मेंट'चा नायक शवागारात जागा होतो आणि त्याला स्वतःचे नावही आठवत नाही. २०१९ साली एस्टोनियन मंडळींनी केलेल्या 'डिस्को एलिझियम'मधला पोलीस दारूच्या धुंदीतून उठतो तो सगळे विसरूनच. खेळणाऱ्याला काही माहीत नाही आणि नायकालाही नाही, म्हणजे दोघे एकाच बाकावरचे. या पोलिसाचा टाय छताच्या पंख्याला अडकलेला असतो. प्रकृती फारच नाजूक ठरवलेली असेल तर तो टाय काढण्याच्या खटपटीत हृदय बंद पडून खेळ पहिल्याच खोलीत आटोपतो. मी हे वाचून इतकी हसले, की तोच गेम घ्यावा असे जवळपास ठरले होते. पण त्यात वाचायचा मजकूर अफाट आहे आणि इंग्रजी चांगलीच जड आहे. नोकरीत आयुष्यभर टिप्पण्या वाचल्यावर आता पुन्हा तेच नको, असे मनाने घेतले.

अखेरीस निवड झाली ती तत्त्वाने कमी आणि जागेअभावी अधिक. 'बाल्डर्स गेट ३' ला १५० जीबी जागा लागते आणि जुन्या लॅपटॉपमध्ये तेवढी नव्हती. मग भाचीने २०११ सालचा 'स्कायरिम' घालून दिला. जरा ओशाळून म्हणाली, "जुना आहे, पण चालेल तुला."

त्याचा आरंभ पाहून मी खुर्चीत ताठ बसले. हात बांधलेल्या अवस्थेत तुम्ही एका गाडीतून चाललेले असता. सोबत काही बंडखोर आणि एक घोडेचोर असतो. गाव येते, कैद्यांना उतरवतात आणि यादीवरून नावे वाचतात. घोडेचोर पळू लागतो आणि बाणाला बळी पडतो. तुमची पाळी येते तेव्हा यादी धरलेला माणूस विचारतो, तू कोण? तिथे चेहरा आणि दहांतला एक वंश निवडायचा असतो, बाकी काही नाही. मग तो यादी पुन्हा पाहतो आणि वरच्या बाईंना सांगतो की हे नाव यादीत नाही, आता काय करायचे? बाई म्हणतात, यादी राहू दे, पाठव पुढे शिरच्छेदाला. कागदोपत्री अस्तित्व नसलेल्या माणसाला कागदोपत्री शिक्षा झालेली पाहून मला अगदी स्वतःच्या टेबलावर बसल्यासारखे वाटले. मान ठोकळ्यावर टेकते, आणि तेवढ्यात एक भलामोठा ड्रॅगन येऊन सगळा कार्यक्रम उधळून लावतो.

त्यानंतर कोणी काही विचारत नाही. योद्धा की जादूगार, हे 'स्कायरिम' ठरवायला लावत नाही. तुम्ही जे करीत राहाल त्यात तुमचा हात बसत जातो. तलवार चालवली तर तलवार सुधारते, कुलपे उघडत राहिलात तर कुलपे सोपी होतात. मी मांजराच्या तोंडाची एक खाजीट बाई घेतली होती, ती केवळ डोळे आवडले म्हणून. वाकून चालू लागले की पडद्याच्या मधोमध एक डोळा उमटतो. कोणाच्या नजरेत आपण आलो की तो उघडतो, सुटलो की मिटतो. पहिल्याच दुकानात दुकानदाराची पाठ वळलेली होती, डोळा मिटलेला होता, आणि फळीवर चीज होते. दुसऱ्याची वस्तू असली की तिच्यावरची अक्षरे लाल होतात. ती लाल अक्षरे पाहताच माझा चेहरा, मला सांगायला हरकत नाही, गॅलरीतल्या कंदिलासमोर होता तसाच झाला. दुकानदाराच्या डोक्यावर टोपली पालथी घातली तर त्याला काही दिसत नाही आणि तो तक्रारही करत नाही, ही विद्या मला भाचीने फोनवरून दिली.

आता माझ्या पिशवीत काय नाही? फुले, मिठाच्या पुड्या, गंजकी भांडी, कोणाची तरी पुस्तके. जखम भरणारी औषधे तर एवढी साठली आहेत, की बाई ओझ्याने धावू शकत नाही. पण धुतलेल्या दूधपिशव्यांसारखी ती उद्या लागतील म्हणून मी एकही वापरत नाही. सरायीत चुलीवर हंडा आहे. कोबी, बटाटा, टोमॅटो आणि कांद्याच्या पातीसारखे लीक घातले की सूप होते. फोडणी नाही, मीठही नाही; तरी त्या थंडीत ते पिऊन बाईला चांगलीच हुशारी येते.

भाची दर रविवारी विचारते, "मावशी, व्हाइटरनला गेलीस का? त्या सरदाराला ड्रॅगनची खबर द्यायची आहे, अख्खी गोष्ट तिथे अडली आहे." मी गेलेली नाही. 'फॉलआउट'सारखी इथे दिवसांची मुदत नाही, आणि तिनेच बोलता बोलता सांगितले, की सरदारापर्यंत बातमी पोचून ते प्रकरण पुढे सरकेपर्यंत आकाशात दुसरा ड्रॅगन येतच नाही. तेव्हा माझ्या टेबलावर हे प्रकरण थांबले आहे यात कोणाचे नुकसान होते आहे, असे मला वाटत नाही.