ज्येष्ठांचा मासेमारी परवाना: नागपुरात बसून इंग्लंडचा कसा काढला

मार्च लागला की अंबाझरी तलावावरच्या आमच्या सकाळच्या घोळक्यात कोणी ना कोणी मुलाकडे किंवा लेकीकडे परदेशी निघालेलं असतं. त्यातला एखादा गळवाला असला की प्रश्न ठरलेला: "तिकडं पासष्टीनंतर परवाना लागत नाही म्हणतात, खरं काय?" अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्याचा दंड बसतो. मी लेकीकडे इंग्लंडमधल्या रीडिंग गावी जाण्याआधी परवाना नागपुरातूनच काढला. त्यात काय लागलं आणि कुठं अडलं ते इथं लिहितो.

आधी माफीचा घोळ. अमेरिका आणि कॅनडात बऱ्याच ठिकाणी वयाची माफी आहे, पण ती बहुधा तिथल्या रहिवाशांना. फ्लोरिडात 65 पूर्ण झालेल्या रहिवाशाला परवाना लागत नाही. न्यू जर्सीत गोड्या पाण्यासाठी हीच माफी 70 पासून आहे, तीही त्या राज्यात राहणाऱ्यालाच. ओंटारिओत 65 वरच्या कॅनडावासीयाचं सरकारी ओळखपत्रच परवाना म्हणून चालतं. आपण व्हिजिटर व्हिसावर मुलाच्या घरी चार महिने राहिलो म्हणून रहिवासी होत नाही. पंच्याहत्तरीचे असलो तरी बाहेरच्या माणसाचा परवाना विकत घ्यायचा. मुलाचा पत्ता टाकून रहिवासी म्हणून अर्ज भरणं म्हणजे खोटी माहिती देणं, तो उद्योग करू नका.

इंग्लंडची रीत वेगळी. तिथं वयाची माफी नाहीच, ज्येष्ठांना सवलत आहे. आणि ती देताना तुमची जन्मतारीख विचारतात. गोड्या पाण्यात गळाने मासे धरायचे तर इंग्लंड आणि वेल्समध्ये 13 वर्षांवरच्या प्रत्येकाला परवाना हवा. त्याला 'रॉड लायसन्स' म्हणतात, रॉड म्हणजे गळाची काठी. 13 ते 16 वयाच्या नातवंडांना तो फुकट मिळतो, पण काढावा लागतो. लोक नेमकं हेच विसरतात: आजोबांचा परवाना असतो आणि शेजारी गळ धरून बसलेल्या चौदा वर्षांच्या नातवाचा नसतो. स्कॉटलंडमध्ये असा परवाना बहुतेक ठिकाणी लागत नाही, फक्त पाण्याच्या मालकाची परवानगी लागते. समुद्रात किनाऱ्यावरून गळ टाकायलाही हा परवाना नको, मात्र सॅमन आणि सी ट्राउट त्यातून वगळलेले.

अर्ज सरकारच्या GOV.UK याच संकेतस्थळावर भरायचा, म्हणजे 'गव्ह डॉट यूके'. शोधलं की आधी दलालांची पानं दिसतात. ती जास्तीचे पैसे घेऊन तोच अर्ज भरून देतात, त्यांच्या नादी लागू नका. अर्जात नाव, जन्मतारीख, अपंगत्वाची सवलत हवी का, परवाना केव्हापासून, कोणत्या माशांसाठी, किती दिवसांचा, पत्ता, ईमेल किंवा मोबाइल आणि शेवटी कार्डाने पैसे, एवढंच विचारतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम. फोटो नाही, आधार नाही, वयाचा दाखला चढवायचा नाही.

आता अडतं कुठं. आपल्या पिढीत बऱ्याच जणांची शाळेतली जन्मतारीख 1 जून किंवा 1 जुलै अशी मास्तरांनी टाकलेली असते आणि खरी वेगळी. अर्जात पासपोर्टवरची तारीख टाका. पाण्यावर कोणी तपासलं तर आपल्याजवळ ओळख म्हणून तोच कागद असतो. दुसरं कार्ड. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानंतर नवं कार्ड फक्त देशातल्या व्यवहारांसाठी चालू असतं. परदेशी आणि ऑनलाइन वापर बँकेच्या ॲपमध्ये जाऊन वेगळा सुरू करावा लागतो. माझे पैसे पहिल्या खेपेला गेलेच नाहीत ते याच कारणानं. लेकीनं तिच्या कार्डाने भरले तरी चालतं, परवाना कोणाच्या नावावर काढायचा ते अर्जात वेगळं विचारतात. तिसरं म्हणजे सुरुवातीची तारीख. ती भरण्याच्या दिवसापासून 30 दिवसांच्या आतलीच देता येते, त्यामुळे व्हिसा आला त्या आनंदात तीन महिने आधी काढायला बसू नका. लगेच सुरू करायचा म्हटलं तर पैसे भरल्यावर अर्ध्या तासानं लागू होतो.

किती दिवसांचा घ्यायचा यात थोडं गणित आहे. 1 दिवस, 8 दिवस आणि 12 महिने असे तीन मिळतात. ज्येष्ठांची सवलत फक्त 12 महिन्यांच्या परवान्यावर आहे. 1 आणि 8 दिवसांचा सगळ्यांना एकाच दराने. मी पाहिलं तेव्हा 8 दिवसांचे दोन घेण्यापेक्षा ज्येष्ठांचा वर्षाचा एक स्वस्त पडत होता. दोन आठवड्यांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर फार विचार करायची गरज नाही. आणि प्रकार घ्या तो ट्राउट आणि कोर्स माशांचा, दोन रॉडवाला. 'कोर्स' म्हणजे सॅमन-ट्राउट सोडून बाकीचे गोड्या पाण्यातले मासे, आपला सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, त्यातच येतो. सॅमनचा परवाना महाग आहे आणि आपल्याला नको आहे. दोन रॉड लावले तरी दोन्ही आपल्या हाताशी पाहिजेत. गळ टाकून झाडाखाली पेपर वाचत लांब बसणं तिथं गुन्हा आहे.

परवाना हाती आला म्हणजे पाणी आपलं झालं, असं मात्र नाही. हे नागपूरकराला समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडेही तलाव मत्स्यव्यवसाय विभागाकडून मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्यानं दिलेला असतो, मामा (माजी मालगुजारी) तलाव बहुधा जिल्हा परिषदेकडे असतो, आणि गळ टाकायचा तर संस्थेच्या माणसाला विचारावं लागतं. तिथं वयाची काही सूट नाही. संस्थेचा अध्यक्ष ओळखीचा असला तर चहा मिळतो, एवढंच. तोतलाडोहात तर विचारायचंही नाही, तो पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे. इंग्लंडमध्ये संस्थेच्या जागी क्लब किंवा जमीनमालक असतो. त्यांचं 'डे तिकीट' वेगळं घ्यायचं, कुठं आधी ऑनलाइन, कुठं काठावर रोखीनं. परवान्याचे पैसे सरकारला आणि तिकिटाचे मालकाला. फलकावर 'फक्त सभासद' लिहिलेलं असेल तर तिथं तिकीटही मिळत नाही. परवाना नसताना सापडलं तर दंड 2,500 पौंडांपर्यंत जाऊ शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि आपल्या लोकांना नेमकं हेच माहीत नसतं. आपण नागपूरच्या उन्हातून सुटायला एप्रिल-मेमध्ये जातो. इंग्लंडच्या नद्यांत कोर्स माशांसाठी 15 मार्च ते 15 जून बंदी असते, दोन्ही दिवस धरून. मासे अंडी घालतात तो काळ. म्हणजे परवाना खिशात, घरामागे केनेट नदी वाहते आहे आणि गळ टाकता येत नाही. बहुतेक तळी आणि कालवे या बंदीत येत नाहीत. म्हणून एप्रिल-मेसाठी तिकिटाचं तळं आधी शोधून ठेवा. रीडिंगसारख्या गावात आणखी एक गोम आहे: केनेट अँड एव्हन कालवा काही ठिकाणी नदीच्याच पात्रातून जातो. तिथं नाव कालव्याचं असलं तरी नियम नदीचा. क्लबला विचारल्याशिवाय बसू नये.

सामानातही एक फसगत. आपल्या डब्यात शिशाचे गोळे असतातच. इंग्लंडमध्ये 0.06 ग्रॅमपेक्षा जास्त आणि 28.35 ग्रॅमपर्यंतचं शिसं गळाला वापरायला मनाई आहे. राजहंस तळातल्या वाळूबरोबर ते गिळतात आणि विषबाधेनं मरतात, म्हणून 1987 मध्ये हे बंद झालं. आपल्या नेहमीच्या वापराची सगळी वजनं या मापात येतात. डबा घरीच ठेवा, तिथं बिनशिशाची वजनं कुठल्याही दुकानात मिळतात. गळाचे काटेही तिथंच घ्या, बऱ्याच तळ्यांवर उलटं टोक नसलेलेच चालतात. रॉड नेणारच असाल तर घडीचा न्या आणि काटे असलेच तर चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत विमानतळावर काढून घेतात.

चाऱ्याचं मात्र सोपं आहे. आपला कणकेचा गोळा तिथल्या कार्पलाही आवडतो. ब्रेडचा लगदा आणि डब्यातला मका सगळीकडे चालतो, पण तळ्याच्या फलकावर चाऱ्याची बंदी वाचून घ्या. काही ठिकाणी शेंगदाणे चालत नाहीत.

आणि मासा लागल्यावर? रश्श्याचा विचार सोडा. तिकिटाच्या तळ्यावर मासा परत सोडायचाच असतो. ओल्या गादीवर ठेवून, हात ओले करून काटा काढायचा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि मग बुरशी लागते. नदीत थोडे मासे ठेवायची मुभा आहे, तीही मालकानं हो म्हटलं तर. दिवसाला 20 सेंटिमीटरपर्यंतचे 15 छोटे मासे. आपल्याकडे मोठा पिशवीत आणि बारका पाण्यात, तिथं उलटं. मोठा मासा अंड्यांवर असतो, पुढचं पीक त्याच्यावर, म्हणून तो पाण्यातच राहिला पाहिजे. वाम दिसली तरी सोडायची, तिथली ईल संकटात आहे आणि ती ठेवता येत नाही.

काठावर तपासनीस येतो. परवाना क्रमांक ईमेलमध्ये आला असतो, तो मोबाइलवर दाखवला की काम झालं. पण काठावर रेंज जाते, म्हणून मी तो कागदावर लिहून टोपीच्या आतल्या पट्टीत खोचून ठेवला. मग तो डे तिकीट मागतो, आणि शेवटी मासा उचलायच्या जाळीकडे बघतो. जाळी ओली असेल तर दुसऱ्या तळ्यावरून आलात का, असं विचारतो. एका पाण्यातले रोग आणि परके जीव दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून जाळी धुवून दोन दिवस पूर्ण वाळवायची, असा सल्ला तिथं सगळीकडे दिसतो. लेकीच्या बाल्कनीत रीडिंगच्या पावसात ती तिसऱ्या दिवशीही ओलसरच होती. हेच काम धंतोलीतल्या आमच्या गच्चीवर मे महिन्यात पोहे होईपर्यंत उरकलं असतं.